कारखान्यांतील फेरबदल आणि कामगारांस सांगण्याचें कर्तव्य

बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत गेल्या कांहीं वर्षांत काय काय पालटलें, हें रस्त्यावरून जाणाऱ्या माणसास सहसा दिसावयाचें नाहीं. रस्ते तेच आहेत, आणि पाळी सुटली म्हणजे फाटकांतून बाहेर पडणारी दुचाकींची रांगहि तीच आहे. परंतु आंतील हिशेब निराळा झाला आहे. पोलादाच्या जोडरहित नळ्या करणारी आयएसएमटी कंपनी कर्जाच्या भारानें वांकली होती; तिचे निम्म्याहून थोडे अधिक भाग मार्च २०२२ मध्यें किर्लोस्कर फेरस कंपनीनें घेतले आणि २०२४ सालीं ती कंपनीच किर्लोस्कर फेरसमध्यें विलीन झाली. ज्या पिआजिओ कंपनीच्या आपे रिक्षांनीं बारामतीचें नांव देशाच्या कानाकोपऱ्यांत नेलें, तिनें २०१९ च्या अखेरीस विजेवर चालणारी आपे बाजारांत आणली. विजेच्या गाडीस डिझेलच्या इंजिनाइतके सुटे भाग लागत नाहींत, ही गोष्ट ते भाग पुरविणाऱ्या लहान कारखानदारांस व त्यांच्या यंत्रांपुढें उभे राहणाऱ्या पोरांस कोणीं निराळी सांगावयास नको. शेजारच्या इंदापूर तालुक्यांत शेठ वालचंद हिराचंद यांनीं उसाच्या व साखरेच्या जोरावर वसविलेल्या वालचंदनगरास तर असा पालट नवा नाहींच. जेथें साखर निघत होती तेथें साखरेचीं यंत्रें बनूं लागलीं, आणि पुढें इस्रोच्या अग्निबाणांचे भागहि. या सर्वांवर कळस म्हणून २१ नोव्हेंबर २०२५ पासून मध्यवर्ती सरकारनें जुने २९ कामगार कायदे मोडून ४ संहिता अमलांत आणल्या आहेत.

यांपैकीं कोणता बदल इष्ट व कोणता अनिष्ट, हा आजचा आमचा विषय नव्हे. कारखाना जगावयाचा तर तो बदललाच पाहिजे, हें आम्ही मान्य करून चालतों. वर नांवें घेतलेल्या कंपन्यांनीं आपल्या माणसांस काय व कसें सांगितलें, यावरहि आम्ही निवाडा देत नाहीं. आमचा प्रश्न लहान आहे, पण ज्याच्या चुलीशीं त्याचा संबंध आहे त्यास तो लहान वाटत नाहीं. कारखान्यांत मोठा फेरबदल व्हावयाचा असतां, तेथें काम करणाऱ्या माणसास ती बातमी कोणाकडून, केव्हां आणि कोणत्या भाषेंत कळते?

सामान्यतः ती त्यास चहाच्या टपरीवर कळते. बाहेरून आलेले चार अपरिचित गृहस्थ यंत्रें पाहून जातात, मोटारचालक तें आपल्या मित्रास सांगतो, कचेरींतील कोणी कारकून 'यादी तयार होत आहे' एवढेंच पुटपुटतो, आणि संध्याकाळपर्यंत त्या यादींत किती नांवें आहेत याचा आंकडाहि ठरून जातो. दुसऱ्या दिवशीं कामगार सुपरवायझरास विचारतो. सुपरवायझर म्हणतो, 'मला कांहीं माहीत नाहीं.' तो बहुधा खरेंच बोलत असतो, कारण त्यालाहि कोणीं सांगितलेलें नसतें. परंतु ऐकणाऱ्यास तें लपविणें वाटतें. मग एखादा शहाणा गृहस्थ सुचवितो कीं, साहेबांस विचारण्यापेक्षां पुढाऱ्यास विचारावें. ज्या तालुक्यांत नोकरी लागण्यास चिठ्ठी लागते, तेथें नोकरी राहणार कीं जाणार हेंहि चिठ्ठी देणाराच सांगेल, असा लोकांचा समज झाल्यास नवल नाहीं. व्यवस्थापकाचें आसन त्याच्याच मौनानें दुसऱ्यानें बळकाविलें, असें होतें.

व्यापारी वाचकांनीं हें प्रकरण परक्याचें समजूं नये. कारखान्याविषयीं अफवा उठली कीं पहिला परिणाम बाजारपेठेंत दिसतो. ज्याला पुढच्या महिन्याच्या पगाराची खात्री नाहीं तो दुचाकीचा हप्ता काढीत नाहीं, लग्नाचें सोनें पुढें ढकलतो, आणि दुकानदार त्याची वही बंद करितो. खोल्या भाड्यानें देऊन त्यावर घराचें कर्ज फेडणारीं कुटुंबेंहि कारखान्यांभोंवतीं पुष्कळ असतात. अफवा खोटी ठरली तरी त्या दोन महिन्यांचा धंदा परत येत नसतो.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. ज्या कंपनीचे भाग शेअर बाजारांत विकले जातात, तिच्या संचालक मंडळानें महत्त्वाचा ठराव केला तर सभा संपल्यापासून सामान्यतः अर्ध्या तासांत तो बाजारास कळवावा लागतो. ज्यानें काल सकाळीं दहा भाग घेतले व जो परवां ते विकणार, अशा मुंबईच्या किंवा न्यूयॉर्कच्या मनुष्यासाठीं ही तत्परता आहे. कंपन्यांच्या विलीनीकरणाची पद्धत तर याहून मौजेची आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें विलीनीकरणाच्या योजनेची नोटीस भागधारकांस जाते, सावकारांस जाते, प्राप्तिकर खात्यास व इतर सरकारी अधिकाऱ्यांस जाते. योजनेचा नोकरवर्गावर काय परिणाम होईल, हेंहि सोबतच्या निवेदनांत लिहावें लागतें. परंतु तें निवेदन ज्यांस पाठवावयाचें, त्यांच्या यादींत नोकरवर्ग नाहीं! आणि विलीनीकरण न करितां नुसते भाग विकून मालकी पालटली, तर कायद्याच्या दृष्टीनें मालक म्हणजे कंपनी तीच राहते. मग कळवावयाचें काय आणि कोणास?

न्यायालयें याबाबत कायद्याच्या पुढें गेलीं आहेत. १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या खटल्यांत बहुमतानें असा निर्णय दिला कीं, कंपनी मोडीत काढण्याचा अर्ज न्यायालयापुढें असतां कामगारांस आपलें म्हणणें मांडण्याचा अधिकार आहे. भांडवल घालणारा जसा कंपनीचा, तसा श्रम घालणाराहि तिचा, हा त्यामागचा विचार होता. पण त्यास चाळीस वर्षें उलटून गेलीं तरी फाटकाच्या आंत तो विचार फारसा शिरलेला दिसत नाहीं.

कामगारांकरितां असलेली तरतूद १९४७ च्या औद्योगिक तंटे कायद्यांत होती व नव्या औद्योगिक संबंध संहितेंतहि ती राहिली आहे. पगार, कामाचे तास, पाळ्या यांत फेरफार करावयाचा असेल, किंवा नव्या यंत्रांमुळें अथवा कामाच्या नव्या पद्धतीमुळें माणसें कमी होण्याचा संभव असेल, तर २१ दिवस अगोदर नोटीस द्यावी लागते. तरतूद चांगली आहे. परंतु नोटीस देणें म्हणजे सांगणें नव्हे, एवढी साधी गोष्ट आमच्या व्यवस्थापकांच्या ध्यानीं येत नाहीं. वकिलानें लिहिलेला कागद सूचनाफलकावर टांचण्यानें कायद्याचें समाधान होतें; वाचणाऱ्याचें होत नाहीं. स्थायी आदेशांसंबंधीं १९४६ सालीं झालेल्या कायद्यांत तरी ते आदेश बहुसंख्य कामगारांस समजणाऱ्या भाषेंत फाटकाजवळ लावावे, असें स्पष्ट सांगितलें होतें. नव्या संहितेनें स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांपुरती ठेविली आहे. बंद करण्यापूर्वीं सरकारची परवानगी घेण्याची अटहि पूर्वीं १०० कामगारांस होती, ती आतां ३०० वर गेली. बारामतीसारख्या वसाहतींतील ज्या लहान कारखान्यांत पन्नास, ऐंशी, दीडशें माणसें आहेत, त्यांच्या बाबतींत यापुढें कायद्याचा आधार पूर्वींहून कमी व मालकाच्या सद्बुद्धीचा आधार अधिक, असा याचा अर्थ आहे. म्हणूनच हा विषय आज काढणें आम्हांस अवश्य वाटलें.

न सांगितल्यानें काय होतें, याचा धडा या प्रांतानें एकदां फार महाग दरानें घेतला आहे. १९२८ सालीं मुंबईच्या गिरण्या परदेशी स्पर्धेनें जेरीस आल्या होत्या. तेव्हां सासून गटाच्या गिरण्यांनीं व त्यांच्यामागून इतरांनीं 'कार्यक्षमतेची' योजना काढली. दोन मागांवर काम करणाऱ्या विणकऱ्यानें तीन माग सांभाळावे, एक बाजू पाहणाऱ्या कातणाऱ्यानें दोन पाहाव्या, असें तिचें स्वरूप होतें. कामगारांनीं त्यांतून एवढेंच ताडलें कीं, दर तिसऱ्या माणसाची भाकरी जाणार. त्यांस हें समजावून सांगणारा कोण होता? जॉबर. मालक व मजूर यांच्यामध्यें तोच एक दुवा, आणि भरती त्याच्या हातीं, दस्तुरी त्याच्या खिशांत. कोणतीहि गोष्ट त्याच्या तोंडून बाहेर पडतांना त्याचें हित त्यांत मिसळल्यावांचून राहत नसे. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारें दीड लक्ष कामगार संपावर राहिले. नंतर सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली गेली, तिनें महिनेच्या महिने साक्षी घेतल्या, आणि १९२९ च्या अहवालांत त्या योजनेचें मूळ तत्त्व तिनें अमान्य केलें नाहीं. म्हणजे जी गोष्ट समर्थनीय होती ती सुद्धां सहा महिन्यांच्या उपासमारीनंतर न्यायाधीशापुढें समजावून सांगावी लागली. मग ती जानेवारींत कामगारांपुढेंच कां सांगितली नाहीं? पुढें व्हिटले कमिशननें १९३१ मध्यें जॉबराच्या हातची सत्ता काढून कामगार अधिकारी नेमावे, अशी शिफारस केली, व १९३४ सालीं मुंबई सरकारनें कायदा करून सरकारी कामगार अधिकारी नेमला. आजच्या कारखान्यांतील एचआर खात्याचा मूळपुरुष शोधावयाचा तर तो असा त्या संपांत सांपडेल.

हें शंभर वर्षांपूर्वींचें झालें म्हणून कोणी हंसेल, तर त्यानें तळेगांवाकडे पाहावें. जनरल मोटर्स कंपनीनें २०१७ सालीं हिंदुस्थानांत मोटारी विकणें बंद केलें, पण तळेगांवचा कारखाना निर्यातीसाठीं चालू ठेविला. जानेवारी २०२० मध्यें तो चीनच्या ग्रेट वॉल कंपनीस विकण्याचें जाहीर झालें. सीमेवरील गलवानच्या चकमकीनंतर त्या व्यवहारास सरकारची अनुमति मिळाली नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें उत्पादन थांबलें, आणि एप्रिल २०२१ मध्यें, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, १४१९ कामगारांस ले-ऑफची नोटीस ई-मेलनें गेली. ग्रेट वॉलचा व्यवहार २०२२ च्या मध्यास मोडला. ऑगस्ट २०२३ मध्यें ह्युंदाई कंपनीनें कारखाना घेण्याचा करार केला. त्यांत जमीन होती, इमारती होत्या, कांहीं यंत्रसामग्रीहि होती. माणसें नव्हतीं. कामगारांनीं त्याच वर्षीं साखळी उपोषण केलें. या प्रकरणांत कोणाची कायदेशीर बाजू किती खरी, हें ठरविण्याचें स्थान वर्तमानपत्र नव्हे. परंतु डिसेंबर २०२० पासून ऑगस्ट २०२३ पर्यंत जवळजवळ पावणेतीन वर्षें जो माणूस 'आपण या कारखान्याचे आहों कीं नाहीं' हें जाणत नव्हता, त्यानें मुलीचें शिक्षण, घराचा हप्ता, दुसरी नोकरी यांचा निर्णय कशाच्या आधारावर घ्यावयाचा होता? पैशाची भरपाई करतां येते. या गेलेल्या वर्षांची कोणत्या कलमाखालीं करावयाची?

विलायतेंतहि सारे शहाणेच आहेत असें नाहीं. मार्च २०२२ मध्यें पी अँड ओ फेरीज या इंग्लंडच्या जहाज कंपनीनें सुमारें ८०० खलाशांस आधीं नोंदविलेल्या चलच्चित्र-संदेशानें एका दिवशीं कामावरून दूर केलें. कायद्यानें संघटनांशीं विचारविनिमय करणें बंधनकारक होतें. तो आम्हीं जाणूनबुजून केला नाहीं, असें कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यानें पार्लमेंटच्या समितीपुढें कबूल केलें. कारण संघटना तें कधींच मान्य करणार नव्हत्या, असें त्याचें म्हणणें पडलें. याच्या उलट उदाहरण आपल्याच देशांत आहे. जमशेदपुरास टाटांच्या पोलाद कारखान्यांत १९५६ च्या करारानें मालक व कामगार संघटना यांच्या संयुक्त समित्या स्थापन झाल्या होत्या. १९९० नंतर त्या कारखान्यानें आपली माणसें निम्म्याच्या आसपास आणिलीं. हें दुःखाशिवाय झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पण एवढा मोठा फेरबदल होऊनहि तेथें मुंबईचें १९२८ झालें नाहीं, याचें श्रेय मोठ्या रकमांइतकेंच कित्येक वर्षें चालत आलेल्या बोलण्याच्या संवयीस दिलें पाहिजे.

आमचे कारखानदार यावर जे आक्षेप घेतात ते आम्हीं ऐकले आहेत. पहिला असा कीं, आधीं सांगितलें तर प्रतिस्पर्ध्यास कळेल, बँक घाबरेल, आणि शेअर बाजाराचे नियमहि आड येतील. हा आक्षेप अर्धा खरा आहे. बाजारास न कळविलेली बातमी आंतल्या माणसांस आधीं सांगणें नियमाविरुद्ध आहे, हें खरें. पण बाजारास ज्या घटकेस कळविलें त्याच घटकेस कामगारांस सांगूं नये, असें कोणत्या नियमांत आहे? दुपारीं तीन वाजतां मुंबईस पत्र जातें. त्याच वेळीं बारामतीच्या पाळीवरील माणसांस उभे करून दहा मिनिटें बोलण्यास कोणाची अनुमति लागते? ज्या कारखान्यास शेअर बाजाराचा वारा लागलेला नाहीं, त्याला तर ही सबबहि नाहीं.

दुसरा आक्षेप, 'कामगारांस या गोष्टी समजत नाहींत,' असा. हा आक्षेप ऐकला म्हणजे आम्हांस नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण होते. १८८४ सालीं, जेव्हां मुंबईच्या गिरण्यांतील बहुतेक मजुरांस अक्षरओळखहि नव्हती, तेव्हां 'दीनबंधु'च्या या संपादकानें त्यांच्या सभा भरविल्या आणि साडेपांच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज सिद्ध केला. रविवारची सुट्टी, जेवणाची वेळ, पगार वेळेवर मिळणें, दुखापत झाल्यास मदत, या मागण्या त्यांत होत्या. यांतील एकहि गोष्ट न समजण्यासारखी त्या मजुरांस वाटली नाहीं. १८९० सालीं रविवारची सुट्टी मिळाली. आणि आज आयटीआयचा अभ्यासक्रम पुरा केलेला, संगणकाच्या आज्ञेवर चालणारें यंत्र हांकणारा, मोबाइलवर बाजारभाव पाहणारा तरुण मालकाचा ताळेबंद समजूं शकणार नाहीं, असें म्हणणाऱ्यानें आपल्याच ताळेबंदाकडे एकवार पाहावें.

तिसरा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. 'अजून आमचेंच ठरलेलें नाहीं, मग सांगावें काय?' आमचें उत्तर असें कीं, ठरलेलें नाहीं हेंच सांगावें. एवढें ठरलें आहे, एवढें ठरावयाचें आहे, आणि उरलेलें अमुक तारखेस सांगूं, असें स्पष्ट बोलून त्या तारखेस खरोखर उभे राहावें. त्या दिवशीं सांगण्यासारखें कांहीं नसलें तर तसें सांगण्यासाठीं तरी उभे राहावें. माणूस वाईट बातमी सोसतो, कारण तिच्याभोंवतीं त्यास आपली व्यवस्था लावतां येते. अंधारांत त्यास कांहींच करतां येत नाहीं. कोणाचेंहि काम जाणार नाहीं, असें घाईनें दिलेलें आश्वासन तर मौनाहून घातक होय. तें एकदां मोडलें कीं पुढें दहा वर्षें त्या व्यवस्थापकाच्या खऱ्या शब्दावरहि कोणी विश्वास ठेवीत नाहीं.

सांगणारा कोण असावा, यासंबंधीं आमचें मत ठाम आहे. ज्यानें निर्णय घेतला त्यानें स्वतः यावें. पुण्याहून किंवा मुंबईहून नवा भरती झालेला मुलगा पाठवून त्याच्याकरवीं इंग्रजी सरकचित्रें दाखविणें हें सांगणें नव्हे. मराठींत बोलावें, आणि बिहार-उत्तर प्रदेशाकडून आलेल्या माणसांसाठीं हिंदींत. सुपरवायझर व फोरमन यांस दोन तास आधीं सांगून ठेवावें, म्हणजे त्यांच्यावर 'मला माहीत नाहीं' म्हणण्याची पाळी येणार नाहीं. तिन्ही पाळ्यांस एकाच दिवसांत सांगावें; पहिल्या पाळीस सांगून रात्रपाळीस विसरलें तर रात्रपाळीस जें कळतें तें सांगितलेलें नसून सांगोवांगीचें असतें. बोललेलें सोप्या भाषेंत लिहून प्रत्येकाच्या हातीं द्यावें, कारण घरीं गेल्यावर बायको व म्हातारा बाप जे प्रश्न विचारतात त्यांचीं उत्तरें पाठ राहत नाहींत. कोणाचें काम जाणार असेल तर तें त्यास समोर बसवून सांगावें. मोबाइलवरील संदेशानें सांगणाऱ्या मालकाविषयीं आम्हांस अधिक लिहावयाचें नाहीं.

कामगार संघटनांचेंहि याबाबत कांहीं चुकतें. वाटाघाटींत जें कळलें तें पुढाऱ्यांनीं आपल्या विश्वासांतल्या चौघांस सांगावें व उरलेल्यांस सभेपर्यंत तिष्ठत ठेवावें, ही रीत मालकाच्या गुप्ततेचीच धाकटी बहीण आहे. २० किंवा अधिक कामगार असतील तेथें दोन्ही बाजूंच्या समसमान सभासदांची तक्रार निवारण समिती असावी, असें नवी संहिता सांगते. १०० कामगार असल्यास सरकार कारखाना समिती नेमावयास लावूं शकतें. या समित्या कागदावर ठेवून वर्षाअखेरीस सह्यांपुरत्या भरवावयाच्या कीं त्यांत मालकास अडचणीचे प्रश्न विचारावयाचे, हें पुष्कळसें कामगारांच्याच हातीं आहे.

शेवटीं एक वर्ग उरतो, ज्याला या सर्वांत कोणीच मोजीत नाहीं. कंत्राटी मजूर, आणि प्रशिक्षणार्थी म्हणून वर्षानुवर्षें तेंच काम करणारी मुलें. १९२८ च्या संपांत कामगारांच्या हक्कांचा घोष चालला असतां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं पुढाऱ्यांपुढें प्रश्न ठेविला होता कीं, अधिक पगाराच्या विणकाम खात्यांत अस्पृश्य कामगारांस मज्जाव आहे, त्याचें काय? एकाच छपराखालीं राबणाऱ्यांत कोण 'आपला' व कोण नव्हे, ही रेघ तेव्हां जातीनें ओढली होती. आज ती ठेकेदाराच्या बिलानें ओढली जाते. कायम कामगारांची सभा भरते तेव्हां कंत्राटी माणसें यंत्रावर ठेविलीं जातात, कारण 'तीं आमचीं नव्हेत, ठेकेदाराचीं आहेत.' ठेकेदारास विचारावें तर त्याचें स्वतःचेंच कंत्राट पुढच्या महिन्यांत राहील कीं नाहीं, हें त्यास ठाऊक नसतें. आणि माणसें कमी करावयाचीं झालीं म्हणजे पहिलें पाऊल यांच्याच दाराशीं पडतें. तेथें नोटीस नाहीं, सभा नाहीं, सोमवारीं फाटकावर पास चालत नाहीं, एवढेंच कळतें.

बारामतीच्या कारखानदारांनीं आपसांत ठरविल्यास यावर उपाय एका ओळीचा आहे. ठेकेदाराशीं होणाऱ्या प्रत्येक करारपत्रांत असें कलम घालावें कीं, कामाच्या फेरबदलाविषयीं जी सूचना कायम कामगारांस दिली जाईल ती त्याच दिवशीं, त्याच सभेंत, कंत्राटी माणसांसहि दिली जाईल, आणि काम संपणार असल्यास त्याची तारीख किमान २१ दिवस आधीं त्यांच्या हातीं लेखी पडेल. यासाठीं दिल्लीच्या नियमांची वाट पाहण्याचें कारण नाहीं. पुढील करारपत्रें जेव्हां नवीं होतील, तेव्हां कोणकोणत्या कारखान्यांनीं हें कलम घातलें, हें आम्ही विचारून छापूं.